शरद सरता सरता: तुमचे प्रश्न, जुनी गाणी

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की पाऊस गेल्यापासून थंडी पडेपर्यंतच्या दिवसांत तुमच्या घरात कुठलं जुनं गाणं असतं, आणि तुम्ही एवढं लिहिलंत की टेबलावर कागद मावेनात. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, आठ पत्रं घेतलीयेत. बाकीची वाचलीत, खरंच सगळी वाचलीत.

प्रश्न: ताई, भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आकाशकंदील अजून लटकतोय पण त्याच्याकडे बघवत नाही. दरवर्षी या दिवसांत मी मोबाईलवर जुनी भावगीतं लावून ठेवते आणि दोन दिवसांत कंटाळा येतो, गाणं तेच असतं पण आत काही हलत नाही. लहानपणी दिवाळीच्या पहाटे रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं वर्षभर पुरायचं. आता शरद संपलाच म्हणायचा का? (वाचक, ठाणे)

उत्तर: संपला कुठे हो! पंचांग काढून बघा. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक, आणि लक्ष्मीपूजन असतं आश्विनातल्या अमावस्येला, म्हणजे पाडव्याच्या सकाळी आपण उटणं लावून बसतो ना तेव्हा शरद बरोब्बर अर्धा झालेला असतो. अख्खा कार्तिक शिल्लक असतो. फराळाचे डबे रिकामे झाले, शाळा-ऑफिसं सुरू झाली की आपल्याला वाटतं ऋतूच आवरला, पण अजून कार्तिकी एकादशी व्हायचीय, तुळशीचं लग्न व्हायचंय, त्रिपुरी पौर्णिमा व्हायचीय. आणि मला विचाराल तर हा मागचा अर्धा शरदच जास्त गोड. पहिला अर्धा ऑक्टोबर हीटमध्ये घामाघूम होऊन जातो, नंतर एक दिवस पहाटे पंखा बंद करावासा वाटतो, पायाशी पडलेली चादर आपोआप अंगावर येते, तिथून पुढचे हे पंधरा-वीस दिवस.

आता गाणं आत हलत नाही त्याबद्दल. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, तुम्ही 'एकदा ऐकलेलं' असं लिहिलंय. तेव्हा गाण्याला वेळ असायची, ती आपल्या हातात नसायची. विविध भारती सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ला, ऐन शरदात, आणि तिथून पुढे कित्येक घरांतला दिवस रेडिओच्या कार्यक्रमांवर चालला, अमुक गाणी लागली की डबा भरायचा, तमुक लागली की झोपायचं. आवडतं गाणं लागलं की बायका हात तसेच ओले ठेवून दारात येऊन उभ्या राहायच्या, कारण ते पुन्हा कधी लागेल कुणाला माहीत. आता ते गाणं खिशात आहे, मग त्याच्यासाठी दारात कोण उभं राहील?

म्हणून मी स्वतः एक करते. माझी तीन गाणी आहेत, ती मी कार्तिकाशिवाय लावत नाही. कुणी कार्यक्रमात म्हटली तर ऐकते, पण आपण होऊन लावत नाही, आठवण आली तरी नाही. पहिल्या वर्षी जड गेलं, वैशाखात एकदा फार वाटलं होतं, पण मग कार्तिकात पाडव्याच्या दुसऱ्या पहाटे लावलं तेव्हा पेटीच्या पहिल्या सुरालाच डोळे भरले. तुम्ही सगळी यादी लावून ठेवू नका. एक निवडा, त्याचा दिवस ठरवा, तुळशीच्या लग्नाची संध्याकाळ धरा हवं तर, आणि तोवर थांबा.

प्रश्न: आमचं गाव सातारा जिल्ह्यात, मी आता पिंपरी-चिंचवडला आठव्या मजल्यावर राहतो. लहानपणी कार्तिकात पहाटे गोधडीत पडल्या पडल्या विठोबाच्या देवळातला काकडा ऐकू यायचा. देऊळ ओढ्यापलीकडे चांगलं लांब, कर्णा नव्हता, तरी टाळ न् टाळ वेगळा कळायचा. उन्हाळ्यात त्याच देवळात सप्ता बसायचा, दुपारचं भजन मात्र घरापर्यंत पोचत नसे. हा माझ्या मनाचा खेळ आहे का? आणि आता काकडा ऐकावासा वाटला तर काय करू? (वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: मनाचा खेळ अजिबात नाही, तुमच्या कानांनी बरोबर टिपलंय. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा गरम आणि वरची त्यामानाने थंड, अशा हवेत आवाज वरच्या बाजूला वळत जातो आणि लांबच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. कार्तिकात उलटं होतं. आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, रात्रभरात जमीन गार पडते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. मग आवाज वर जायच्या ऐवजी खाली वाकून जमिनीलगत लांबवर जात राहतो. ओढ्याच्या खोलगट भागात तर ही थंड हवा साचूनच राहते. त्यात पहाटे दुसरा कसला गलका नाही, पावसाळ्यातले बेडूक-रातकिडे बरेचसे गप्प झालेले. म्हणजे तुमच्या गोधडीपर्यंत तो टाळ पोचवायला अख्ख्या शरदाने मदत केली होती, मला तर हे कळलं तेव्हा किती तरी वेळ छान वाटत राहिलं होतं.

ज्यांनी काकडा ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते. काकडा म्हणजे मुळात कापडाची पिळून केलेली वात, तेलातुपात भिजवलेली, ती पेटवून पहाटे देवाला ओवाळायचं. गावोगावी कोजागरीच्या सुमारास काकडा बसतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्याची समाप्ती होते, म्हणजे शरदाच्या मधला सलग महिना. पहाटे चार-साडेचारला माणसं अंघोळी करून देवळात, वीणा, पखवाज, टाळ. आधी देवाला उठवायचे अभंग, भूपाळ्या, पुढे वासुदेव, आंधळे, पांगळे, मग गौळणी, असा ठरलेला क्रम, गावागणिक थोडा इकडेतिकडे. आंधळे-पांगळे म्हणजे रूपकं आहेत, आंधळ्याने, पांगळ्याने दारोदार दान मागावं तसं संतांनी देवाकडे मागितलेलं. उजाडेपर्यंत हे चालतं आणि गौळणींपर्यंत येईस्तोवर देवळाच्या पायऱ्यांवर उजेड आलेला असतो.

आता काय करायचं? रेकॉर्डिंग खूप मिळतात, पण बऱ्याच ठिकाणी मागे कीबोर्ड घालून, कोरस घालून गोड केलेली असतात, त्यात तुमचा ओढा नाही. माझं ऐकाल तर एक शनिवार काढा आणि गावी जा. समाप्तीच्या आधी जा, समाप्तीला काल्याचं कीर्तन, महाप्रसाद, गर्दी असते, ते वेगळं सुख. आदल्या आठवड्यात गेलात तर देवळात पंधरा-वीस माणसं असतील, त्यातली निम्मी सत्तरीची, आणि तुम्हाला नुसतं ऐकत बसू देणार नाहीत, हातात टाळ देतील. आणि एका पहाटे देवळात न जाता घरीच झोपा, त्याच गोधडीत.

प्रश्न: पावसाचा मेघमल्हार, वसंताचा बसंत-बहार, मग शरदाला राग नाहीच का? (वाचक, मिरज)

उत्तर: आहे ना. सहा मुख्य राग आणि सहा ऋतू अशी जी जुनी मांडणी आहे त्यातल्या एका प्रचलित मतानुसार शरदाला भैरव दिलाय आणि हेमंताला श्री. ग्रंथागणिक यात फरक आहेत, आणि आज मैफलीत भैरव बाराही महिने सकाळी गातात, ऋतू बघून कुणी गात नाही. पण तुम्ही मिरजेचे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावचे, तुमच्याकडे तंबोऱ्याला तोटा नाही, तेव्हा एका कार्तिकी पहाटे कुणाचा तरी भैरव लावा, गवई कुठलाही चालेल. कोमल रिषभ आणि कोमल धैवत हलके हलके आंदोलत राहतात, घाई कशाचीच नाही, आणि बाहेर उजाडत असतं. मला ती जोडी पटते. श्री मात्र सूर्यास्ताचा राग, तो मार्गशीर्षात ऐका.

प्रश्न: माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला विस्मरणाचा आजार आहे. मला कधी बहीण समजते, कधी शेजारीण. पण या वर्षी कोजागरीला मी सहज 'कारल्याचा वेल' सुरू केलं आणि तिने अख्खं गाणं म्हटलं, एकही ओळ न चुकता, टाळ्या वाजवत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता भुलाबाई तर उठल्या, भुलाबाईची गाणी नंतर म्हणू नयेत असं आमच्याकडे म्हणतात. तरी म्हणू का तिच्याबरोबर? तिला त्रास तर नाही ना होणार? (वाचक, नागपूर)

उत्तर: म्हणा. रोज म्हणा. वरच्या उत्तरात मी ठाण्याच्या ताईंना गाणं राखून ठेवा म्हणाले, ते तुम्हाला लागू नाही. तुमच्या आईचं पंचांग आता तिच्या आत आहे, तिथे भाद्रपदातली पौर्णिमा आहे का आश्विनातली हे ती ठरवणार. भुलाबाई म्हणजे पार्वतीच, माहेरपणाला आलेली, तिला लेक आईबरोबर गातेय म्हणून वाईट वाटेल असं मला तरी वाटत नाही.

हे होतं का, तर होतं, आणि बऱ्याच घरांत होतं. या आजारात नावं, तारखा, काल काय झालं हे आधी निसटतं, पण लहानपणापासून म्हटलेली गाणी पुष्कळदा फार उशिरापर्यंत टिकून राहतात. मानसशास्त्रात असंही दिसलंय की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी, त्यात गाणी आलीच, माणसाला म्हातारपणी जास्त आठवतात. आणि हे गाणं तर बघा कसं रचलंय. सून माहेरी जायला मागते, सासू म्हणते कारल्याचा वेल लाव गं सुने मग जा आपल्या माहेरा, वेल लावला तर फूल येऊ दे, फूल आलं तर कारलं लागू दे, कारलं लागलं तर भाजी कर, मग खरकटं काढ. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीचा हात धरून येते, एक सापडली की सगळी माळ सापडते. शिवाय टाळ्या आहेत, फेर आहे, शरीरालाच पाठ झालेलं असतं ते. ज्या बायकांनी ही गाणी रचली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, पण किती पक्की गाठ मारून ठेवलीय त्यांनी.

काही गोष्टी सांभाळा. टीव्ही बंद करून म्हणा, एका वेळी एकच आवाज असू द्या. पट्टी खाली घ्या, वय झालं की बायकांचा आवाज उतरतो, रेकॉर्डिंगच्या पट्टीत त्यांना जमत नाही आणि मग त्या गप्प बसतात, आपल्याला वाटतं विसरल्या. तुम्ही पहिली ओळ म्हणा आणि थांबा, पण वाट बघतोय असं तोंडावर दिसू देऊ नका. परीक्षा घेऊ नका, 'आई सांग बरं पुढे काय' असं तर नकोच. एखाद्या दिवशी गाण्याने ती अस्वस्थ झाली, माहेरी जायचंय म्हणून उठायला लागली, तर गाणं तिथेच सोडा आणि हात धरून बसा, माहेरची गाणी आहेत, असं होऊ शकतं. वारंवार झालं तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. भुलाबाईचं, भोंडल्याचं, हादग्याचं तेच गाणं दर दहा कोसांवर वेगळं असतं, तुमच्या आईचं जे आहे ते तिच्या गावचं आहे, तिच्या आईचं आहे.

खाऊ ओळखायचा खेळही खेळा बरं का. गाणी झाली की डब्यात काय आहे ते ओळखायचं, डबा वाजवून बघायचा. तिला नाव नाही आठवलं तरी डब्याचा आवाज ऐकून ती हसेल.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. इथे पानं लाल-केशरी होऊन गळतायत, घड्याळ एक तास मागे गेलंय, पाचलाच अंधार होतो, आणि गाडीत मी आईच्या काळातली मराठी गाणी लावून रडत ऑफिसला जाते. पण आपल्या गाण्यांत असा फॉल सापडतच नाही. का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: कारण आपल्या शरदात पानं गळत नाहीत गं. आपल्याकडे पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात, आणि ती थंडीच्या आधी नाही तर जवळजवळ उन्हाळ्याच्या तोंडावर. तिकडे दिवस लहान झाले, थंडी वाढली की झाड पानातलं हिरवं द्रव्य मोडून घेतं आणि मग आतला पिवळा दिसायला लागतो, लाल तर काही झाडं त्याच वेळी नव्याने तयार करतात. आपला शरद पाऊस धुऊन गेलेला, भरलेला, पिकं हातात आलेली, स्वच्छ चांदण्याचा. त्याच्यात जाण्याचं दुःख आहे पण ते पानांत नाही, ते चंद्रात आहे. म्हणून तू तिकडच्या पानांसाठी गाणं शोधू नकोस, चंद्रासाठी शोध. त्रिपुरीचा चंद्र तुला तिकडे तितकाच पूर्ण दिसणार आहे आणि अंधार लवकर पडतो तर जेवणाच्या आधीच दिसेल.

तुला एक सांगते, आपल्या चंद्राच्या गाण्यांत जे कदाचित सगळ्यात जास्त ऐकलं गेलं असेल ते, शांता शेळक्यांचं, सुधीर फडक्यांनी चाल लावून गायलेलं 'तोच चंद्रमा नभात', ते शरदाचं नाहीच. त्यात चैत्रातली रात्र आहे. ज्या जुन्या संस्कृत श्लोकावरून ते सुचलं त्यातही चैत्राच्याच रात्री आहेत. चंद्र तोच, रात्र तीच, माणूसही तोच, आणि तरी आधीचं काही परत येत नाही. परक्या देशात आईची गाणी ऐकणाऱ्या माणसाला महिन्याचं नाव वेगळं असल्याने काय फरक पडणार? ते लाव. फक्त गाडीत नको, गाडी चालवताना डोळे कोरडे हवेत. घरी ये, दिवा मालव, खिडकीपाशी बस. आणि आईला फोन कर, तुझी रात्र म्हणजे तिची सकाळ, ती चहा घेत असेल.

प्रश्न: आमच्या सोसायटीत त्रिपुरीला दीपोत्सव आणि पहाटे पाचला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवलाय, गाणारे सोसायटीतलेच. दोन सभासद स्पीकरला हरकत घेतायत. काय करावं? (वाचक, नाशिक)

उत्तर: त्यांची हरकत बरोबर आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, आणि नियमात नुसता स्पीकर नाही, वाद्यंही येतात. तुम्ही सहाला सुरू करा की. कार्तिकात सूर्य साडेसहानंतर उगवतो, म्हणजे सहाला चांगला अंधार असतो, पणत्या लागलेल्या दिसतात आणि गाता गाता उजाडतं, तुम्हाला हवं तेच मिळतंय. स्पीकर तर सहानंतरही लावू नका. पेटी, तबला, मोकळा गळा, चार इमारतींच्या मधल्या चौकात भरपूर होतं, आणि पिंपरीच्या वाचकांना जे हवेचं सांगितलं ते तुम्हालाही लागू आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर त्या पहाटे हजारो पणत्या लागतात, गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत त्या रात्री सजवलेल्या नावा सोडतात, जमलं तर एखाद्या वर्षी जाऊन या.

प्रश्न: बाबा गेल्यावर माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली, त्यात त्यांनी भरलेल्या २२ कॅसेट. बाबा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरायचे, आकाशवाणी, सिलोन, जे लागेल ते. एक लावून बघितली तर गाण्याच्या मागे आई आम्हाला जेवायला हाक मारतेय, कुकरची शिट्टी आहे, कौलांवर पाऊस आहे. आईही आता नाही. भाऊ म्हणतो सॉफ्टवेअरने सगळा नॉइज काढून स्वच्छ करून देतो. काही कॅसेटवर पांढरं काहीतरी आलंय. काय करू? (वाचक, चिपळूण)

उत्तर: आधी थांबा. अजून एकही कॅसेट लावू नका, विशेषतः पांढरं आलेली. कोकणातल्या दमट हवेत टेपवर बुरशी येते, खिडकीतून बघितलं तर गुंडाळीच्या कडेला पांढरी पूड किंवा जाळी दिसते. ती कॅसेट मशीनमध्ये घातली तर बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तिथून तुमच्या चांगल्या कॅसेटवर. त्या वेगळ्या करा, कोरड्या डब्यात ठेवा आणि हे काम जाणणाऱ्या माणसाकडेच द्या.

उरलेल्यांचं घरी होऊ शकतं. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही भरलं जाणार नाही. बाबांनी कदाचित आधीच मोडल्या असतील, जपणारी माणसं मोडायची. मग पेन्सिल घालून चक्र हलकं फिरतंय ना बघा, लहानपणी करायचो तसंच. टेपला मागून दाबणारी एक बारीक पत्र्याची स्प्रिंग आणि तिच्यावर लोकरीचा चौकोनी तुकडा असतो, तो बरेचदा गळून पडलेला असतो, मग आवाज खोल गेल्यासारखा येतो आणि आपल्याला वाटतं टेप खराब झाली. स्क्रूची कॅसेट असेल तर आतली टेप चक्रांसकट दुसऱ्या चांगल्या कव्हरमध्ये घालता येते. प्लेअर चांगला, सर्व्हिस केलेला डेक बघा, स्वस्तातले यूएसबीवाले प्लेअर एका वेगाने टेप ओढत नाहीत आणि गाणं डुलायला लागतं. हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसून घ्या. लावायच्या आधी टेप एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून घ्या, वर्षानुवर्षं पडून वेटोळी एकमेकांना धरून बसलेली असतात. कॉम्प्युटरवर घेताना डब्ल्यूएव्ही फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुष्कळ झालं, एमपीथ्री नंतर त्यावरून काढा, व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवायला. आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक तुमच्या घराबाहेर.

आता नॉइजचं. तुमच्या भावाला माझ्याकडून हात जोडून सांगा, मूळ फाइलला हात लावू नकोस. ज्याला तो नॉइज म्हणतोय त्यात तुमची आई आहे. गाणं कुठेही मिळेल हो, कंपनीने स्वच्छ करून ठेवलेलं एका क्लिकवर मिळेल, आईची जेवायची हाक दुसरीकडे कुठे मिळणार? आणि सिलोनवरच्या गाण्यात आवाज लाटेसारखा जवळ येतो, लांब जातो, तेही काढू देऊ नका. ते शॉर्टवेव्ह आहे, ती लहर वर आकाशातल्या आयनांच्या थरावरून परत खाली यायची, थर हलता असायचा म्हणून आवाजही हलायचा. सिलोनवर सकाळी आठच्या आत जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं असायचं, ज्यांनी ते ऐकलंय त्यांना तो दूर जाऊन परत येणारा सैगलच खरा वाटतो, मलाही. भावाला हौस असेल तर त्याने एक वेगळी प्रत साफ करावी, ती त्याची.

साठ मिनिटांच्या धरल्या तर एका बाजूला अर्धा तास, २२ कॅसेटच्या ४४ बाजू. याला घाईचा रस्ता नाही, अर्धा तास वाजायला अर्धा तासच लागतो. रोज संध्याकाळी एक बाजू लावा, हेडफोन नको, घरात सगळ्यांना ऐकू येऊ दे, आणि वहीत लिहीत जा कुठल्या मिनिटाला कोण बोललं. आज सुरू केलंत तर शरद सरेल, मार्गशीर्ष उजाडेल तरी तुमचं चालूच असेल. त्या दीड महिनाभर आईबाबा रोज अर्धा तास घरी आहेत असं समजा.

प्रश्न: ताई, सगळ्यांना सांगता, तुम्ही स्वतः त्रिपुरीला काय ऐकता? (वाचक, सोलापूर)

उत्तर: मी ऐकत नाही, म्हणते. माझी आजी वाईजवळच्या गावात राहायची, कार्तिकात रोज पहाटे अंगणात सडा घालताना 'घनश्याम सुंदरा श्रीधरा अरुणोदय झाला' म्हणायची. होनाजी बाळाची भूपाळी ती, १९५१च्या 'अमर भूपाळी' सिनेमात वसंत देसाईंच्या चालीत ती घराघरात गेली आणि आज आपल्या सगळ्यांच्या कानात तीच चाल आहे. आजीची चाल वेगळी होती. जास्त सरळ, ओव्यांच्या जवळची, खराट्याच्या आवाजावर चालणारी. तिचं रेकॉर्डिंग नाही, कुणाला सुचलंच नाही, आणि मला त्या चालीत दोनच कडवी येतात.

म्हणून त्रिपुरीला पहाटे साडेपाचला मी आत्याला फोन लावते. आत्या आता अठ्ठ्याहत्तरची आहे, ती जागीच असते, हॅलो पण म्हणत नाही, थेट पहिली ओळ म्हणते. मी माझी दोन कडवी म्हणते, पुढचं ती म्हणते, चाल मध्येच सिनेमाच्या चालीत घसरली की दोघींनाही कळतं आणि आम्ही मागे येऊन पुन्हा धरतो. दुसऱ्या कडव्यानंतर आजी नेहमी थांबायची, खराटा भिंतीला टेकवायची, तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायची आणि मग पुढचं म्हणायची. आम्ही पण तिथे थांबतो. फोनवर दोन्हीकडे कुणी बोलत नाही, तांब्याभर पाणी संपेल एवढा वेळ, आणि मग आत्या पुढचं कडवं उचलते.